१९६३ ची स्प्लिट-विंडो कॉर्व्हेट लिलावात आलीये, बोली लावू का?

धूमकेतू
नमस्कार मंडळी. ओहायोतल्या एका लिलावात पुढच्या शनिवारी १९६३ ची शेव्हरले कॉर्व्हेट स्टिंग रे कूप येतेय. मागच्या काचेच्या मधोमध कणा असलेली, तीच ती स्प्लिट-विंडो. डेटोना ब्लू रंग, आतूनही गडद निळी, ३२७ घनइंची व्ही-८, ३०० अश्वशक्ती, ४ गिअरची मॅन्युअल. कॅटलॉगमध्ये ‘नंबर मॅचिंग, जुने रिस्टोरेशन, चालू स्थितीत’ असं लिहिलंय (नंबर मॅचिंग म्हणजे इंजिन या गाडीचं मूळचंच, दोन्हींचे क्रमांक जुळतात). अंदाजित किंमत १,४०,००० ते १,६०,००० डॉलर. राखीव किंमत आहे (त्याच्या खाली विकणार नाहीत), पण किती ते अर्थातच सांगत नाहीत.

ज्यांना या गाडीचं वेड नाही त्यांच्यासाठी: ही दुभागलेली काच फक्त १९६३ या एकाच वर्षी आली. त्या वर्षी २१,५१३ कॉर्व्हेट बनल्या, त्यातल्या १०,५९४ कूप, बाकीच्या उघड्या टपाच्या. १९६४ ला काच सलग झाली ती झालीच. कूपची तेव्हाची किंमत ४,२५७ डॉलर.

मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. इथे उन्हाळ्यात दर वीकेंडला कुठल्या ना कुठल्या पार्किंगमध्ये जुन्या गाड्या जमतात आणि मी तिथे जाऊन नुसता लाळ गाळतो. मुलीचं कॉलेज उरकलं. बायको म्हणाली, ‘घे एकदाची, पण मला त्यातलं काही विचारू नकोस.’ म्हणून तुम्हाला विचारतोय. लिलावात आजवर कधी बोली लावलेली नाही. काय बघायचं, कुठे थांबायचं, आणि मुळात हा शहाणपणा आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घरून मिळालेलं आहे, तरी तुमचंही येऊ द्या.

चिंचपोकळी_एक्सप्रेस
फोटो कुठायत? फोटोशिवाय गाडीचा धागा फाउल धरण्यात येतो.

राणी_सरकार
सव्वा कोटीच्या वर रुपये आणि सीट दोन. सासूबाई आल्या तर त्यांना कुठे बसवणार? (हीच तर सोय नाही ना? ह.घ्या.)

धूमकेतू
@चिंचपोकळी, कॅटलॉगमधले सगळे फोटो अल्बममध्ये टाकलेत. इंजिनाचे, लिफ्टवर चढवून खालून काढलेले, सगळे आहेत.
@राणी_सरकार, डिकीला झाकणच नाही. सामानसुद्धा सीट पुढे पाडून मागे कोंबायचं. सासूबाईंचा प्रश्न शेव्हरलेनं १९६३ सालीच निकालात काढलाय.

हिशेबनीस
आधी आकडे बोलू. हातोडा पडतो ती किंमत वेगळी आणि तुमच्या खात्यातून जाते ती वेगळी. समजा हातोडा १,४०,००० वर पडला. खरेदीदाराचा प्रीमियम, म्हणजे लिलाववाल्यांचं वरचं शुल्क, बहुतेक ठिकाणी १० टक्के असतो, म्हणजे १४,०००. झाले १,५४,०००. मिशिगनला नोंदणी करताना ६ टक्के विक्रीकर, तोही प्रीमियमसकट रकमेवर धरा: ९,२४०. एकूण १,६३,२४०. त्यात बंद ट्रेलरनं गाडी घरी आणणं आणि विमा अजून धरलेला नाही.

उलटं मांडतो. सगळं मिळून १,६०,००० च्या वर जायचं नसेल, तर हातोडा १,३७,००० च्या आत पडला पाहिजे. हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा आणि हॉलमध्ये बिअर पिऊ नका. लिलावात बिअर उगाच विकत नाहीत.

आणखी एक. राखीव किंमत येईपर्यंत लिलावकर्ता विक्रेत्याच्या वतीनं हवेतल्या बोली उचलू शकतो. म्हणजे तुम्ही ९० म्हणालात, तो कोपऱ्याकडे बोट दाखवून ९५ म्हणतो, कोपऱ्यात कोणीच नसतं. बऱ्याच ठिकाणी हे नियमात बसतं, बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. त्यामुळे ‘समोरच्याला हवीये म्हणजे माल चांगला असणार’ हा तर्क तिथे करू नका.

मधली_आळी
मी विरोधी पक्षात. दीड लाखात मिड-इंजिनची आजची नवी कॉर्व्हेट घ्या, वॉरंटी मिळेल, एसी मिळेल, ब्रेक लागतील. १९६३ ला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. डिस्क आल्या १९६५ ला. दोन उतार लागोपाठ आले की ड्रम तापतात आणि पाय नुसता खाली जातो. गंमत म्हणजे कॉर्व्हेटचा बाप समजला जाणारा इंजिनिअर झोरा आर्कस-डंटोव्ह आयुष्यभर इंजिन मध्ये बसवा म्हणून कंपनीच्या मागे लागला होता. १९९६ ला गेला बिचारा. कंपनीनं ऐकलं २०२० च्या मॉडेलला.

तिरकस_चाल
@मधली_आळी, बाप नव्हे, दत्तक बाप. १९५३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरियात पहिली कॉर्व्हेट लोकांसमोर आली तेव्हा डंटोव्ह कंपनीत नव्हताच. गाडी होती कंपनीचा डिझाइनप्रमुख हार्ली अर्लची. यानं ती प्रदर्शनात पाहिली, पत्र लिहिलं आणि त्याच वर्षी नोकरीला लागला. तेव्हाची गाडी दिसायला अप्सरा आणि आत ६ सिलिंडरचं इंजिन, २ गिअरची ऑटोमॅटिक. पहिल्या वर्षी फक्त ३००, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. पुढे १९५५ ला विक्री ७०० वर आली, गाडी बंद पडायच्या बेतात होती. व्ही-८ आणि डंटोव्ह यांनी ती वाचवली.

आणि धागाकर्ते ज्या काचेसाठी जीव टाकतायत, ती डंटोव्हला अजिबात आवडत नव्हती. मागचं दिसत नाही, हे त्याचं म्हणणं. स्टायलिंगचा प्रमुख बिल मिचेल मात्र अडून बसला: कणा काढलात तर सगळी गाडीच विसरा. मिचेल जिंकला, पण एकच वर्ष. म्हणजे ज्या चुकीला इंजिनिअरनं वर्षभरात हाकललं, तिच्यासाठी आज लोक जास्तीचे पैसे मोजतायत.

राणी_सरकार
त्या काळी लोकांनी तक्रार नाही केली?

तिरकस_चाल
तक्रार कसली, काहींनी करवतीनं कणाच कापून काढला आणि १९६४ ची सलग काच बसवून घेतली. तेव्हा ती ‘सुधारणा’ होती. नंतर भाव चढले तसे त्याच गाड्यांना परत कणे बसले.

काटेकोर_काका
गाडी बघायला जाताना लोहचुंबक घेऊन जा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे असं समजा. फियाट घेताना मी हेच केलं होतं.

गॅरेजराव
काका, साष्टांग दंडवत. कॉर्व्हेटला चुंबक कुठेच चिकटणार नाही, सगळी बॉडी फायबरग्लासची आहे. १९५३ पासून.

टेक्सासात जुन्या अमेरिकन गाड्यांचंच काम करतो, सी-२ म्हणजे १९६३ ते ६७ च्या कॉर्व्हेट पुष्कळ हातून गेल्यात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फायबर गंजत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात आणि तिथेच फसतात. फायबरच्या आत विंडशील्ड आणि दारांभोवती लोखंडी सांगाडा असतो, त्याला इकडे बर्डकेज म्हणतात. काचेच्या रबरातून पाणी आत झिरपतं आणि हा पिंजरा आतून सडतो. बाहेरून पेंट चकाचक. बघायचं कसं? डॅशच्या खाली पाठीवर झोपून टॉर्च मारायचा. पाय ठेवायच्या जागेच्या बाजूला किक पॅनेल असतात, ती काढू दिली तर काढायची. विंडशील्डच्या खालच्या दोन कोपऱ्यांत बोट घालून बघायचं, पापुद्रे हाताला लागतात. दार उघडताना किंचित वर उचलून बघा. बिजागरी झिजलेली असेल तर ती बदलता येते, पण ज्या खांबाला ती लावलीय तोच हलत असेल तर गाडी तिथेच सोडून निघा. पिंजरा बदलायचा म्हणजे बॉडीच फोडून परत जोडायची. तो खर्च लिहीत नाही, वहिनी वाचत असतील.

मग चॅसी. मागच्या चाकांच्या पुढे फ्रेम वर वळते, तिथे माती साठते आणि आतून भोकं पडतात. ओहायो, मिशिगनकडे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तिकडच्या गाडीत हे आधी बघायचं.

मडगार्डच्या खाली, चाकाच्या वरच्या पोकळीत हात घाला. फायबरचे भाग जिथे जोडलेत तिथे आतून पट्ट्या लागतात. कारखान्याच्या पट्ट्या सरळ आणि गुळगुळीत असतात. खडबडीत जाळी हाताला लागली तर तिथे कधीतरी अपघात झालेला आहे. मागच्या काचेचा कणाही असाच आतून बघा, कापून परत जोडला असेल तर छताच्या अस्तराखाली दिसतं. बॉनेटवर दोन खोट्या जाळ्या असतात, त्या १९६३ च्याच. ६४ च्या बॉनेटला खळगे तसेच राहिले पण जाळ्या गेल्या.

आता ‘नंबर मॅचिंग’. इंजिनाच्या उजव्या बाजूला, सिलिंडर हेडच्या अगदी पुढे, एक छोटी सपाट पट्टी असते. अल्टरनेटरच्या मागे, सहज दिसत नाही. तिच्यावर दोन ठसे हवेत. एक, इंजिन जोडल्याची तारीख आणि प्रकार: ‘एफ’ म्हणजे फ्लिंट, मग महिना-दिवस, मग दोन अक्षरं. ३०० अश्वशक्ती आणि मॅन्युअल गिअर असेल तर ‘आरडी’. ऑटोमॅटिकला ‘एसडी’. दुसरा ठसा गाडीच्या क्रमांकाचा. गाडीचा क्रमांक ३०८३७एस नं सुरू झाला पाहिजे. पहिला ३ म्हणजे १९६३, ०८३७ म्हणजे कूप, एस म्हणजे सेंट लुईसचा कारखाना. ०८६७ असेल तर ती उघड्या टपाची.

ठसे मारायचे संच बाजारात मिळतात, त्यामुळे नुसते आकडे जुळले म्हणजे झालं असं नाही. ठशांच्या मागची पट्टी बघायची. कारखान्यात ती ब्रोचिंगनं, म्हणजे दातेरी हत्यारानं, घासलेली असते, त्यामुळे पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा दिसतात. जुना ठसा खोडायला पट्टी परत घासली की त्या रेघा जातात.

हिशेबनीस
या प्रतिसादाचे पैसे लावले पाहिजेत.

चिंचपोकळी_एक्सप्रेस
वाचनखुणेसाठी रुमाल टाकून ठेवतो. माझ्याकडे सेकंडहँड अ‍ॅक्टिव्हा आहे, पण ज्ञान वाया जात नाही.

केंटकीकर
अवांतर, पण विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या बोलिंग ग्रीनला कॉर्व्हेटचा कारखाना आहे (१९८१ पासून, त्याआधी सेंट लुईस) आणि समोरच म्युझियम. १२ फेब्रुवारी २०१४ ला पहाटे म्युझियमच्या घुमटाखालची जमीनच खचली आणि ८ कॉर्व्हेट आत गेल्या. इथली सगळी जमीन चुनखडीची, खालून पोकळ, मॅमथ केव्ह ही प्रचंड गुहाही जवळच. आत माणूस कोणी नव्हता, सुरक्षा कॅमेऱ्यात मात्र गाड्या एकेक करून खाली जाताना दिसतात.

त्यातल्या तीनच परत उभ्या केल्या: १९६२ ची काळी, १९९२ ची दहा लाखावी पांढरी, आणि निळी झेडआर-१. बाकीच्या पाच चेंबलेल्या अवस्थेत तशाच मांडून ठेवल्यात. पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो, आणि सगळे चकचकीत गाड्या सोडून त्या पाच भंगारांपाशीच जास्त वेळ उभे राहतात. फायबर फुटल्यावर कसं दिसतं, आतला सांगाडा कुठे असतो, हे धूमकेतूंनी तिथे फुकटात बघून घ्यावं. म्हणजे तिकिटाच्या पैशात. डंटोव्हच्या अस्थीही तिथेच ठेवलेल्या आहेत.

शिवडीचा_नातू
धागा कॉर्व्हेटवरून निघाला म्हणून घरातलं एक सांगतो. जनरल मोटर्सनं १९२८ ला मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता. आजोबा तिथे फिटर. सुट्या भागांच्या पेट्या बोटीनं यायच्या आणि शेव्हरले, ब्यूक जोडून बाहेर पडायच्या. १९५४ ला कंपनीनं गाशा गुंडाळला. वालचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये डॉज, प्लिमथ जुळत होत्या, आजोबा नंतर तिकडे गेले. त्यामुळे आमच्या घरात ‘शेवरलेट’ हा शब्द असा, शेवटचा ट ठोकून म्हणायची पद्धत आहे. कॉर्व्हेट मात्र त्यांनी कधी पाहिली नाही. ती अमेरिकेत आली आणि पुढच्याच वर्षी शिवडी बंद.

काटेकोर_काका
धूमकेतू, निवृत्तीनंतर गाडी पुण्याला आणायचा विचार आहे का? लक्ष्मी रोडवर शोभेल.

मधली_आळी
काका, लक्ष्मी रोडला दुचाकी लावायला जागा नाही. आणि हिचा स्टिअरिंग डावीकडे.

हिशेबनीस
आयात शुल्काचा आकडा ऐकलात तर गाडी तिकडेच बरी म्हणाल. नोंदणीचं म्हणाल तर २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना केंद्राचा वेगळा नियम आहे: नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण रोजच्या वापराला परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यालाच बाहेर काढायची.

धूमकेतू
काका, गाडी मिशिगनमध्येच राहील. इथेही २५ वर्षांवरच्या गाडीला ‘हिस्टॉरिक’ पाटी मिळते आणि ती लावली की क्लबचे कार्यक्रम, परेड एवढ्यालाच चालवता येते. फक्त ऑगस्ट महिन्यात कुठेही न्या. अख्ख्या वर्षात एक महिना माहेरपण.

गॅरेजराव, तुमचा प्रतिसाद छापून घेतलाय. शुक्रवारी प्रदर्शनाच्या दिवशी जाऊन बघणार. लिलाववाल्यांना विचारलं तर म्हणाले, बघा, वाका, फोटो काढा, पण चालवता येणार नाही आणि काही उघडायचं असेल तर आमचा माणूस हजर हवा.

निरीक्षक
मी इथे सहसा फक्त वाचतो, पण अल्बम चाळत बसलो होतो. खालून काढलेल्या फोटोंमध्ये एक ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या) मागच्या बाजूचा आहे, गिअरबॉक्सकडचं कवच, बेलहाउसिंग, जिथे जोडतात तिथला. धागाकर्त्यांनी तो मोठा करून बघावा. ओतीव आकडे मला ‘सी १४ ३’ असे दिसतायत. मला त्याचा अर्थ माहीत नाही.

तिरकस_चाल
ओतकामाची तारीख. महिना, दिवस, वर्षाचा शेवटचा आकडा. ए जानेवारी, बी फेब्रुवारी, सी मार्च. १४ मार्च १९६३.

गॅरेजराव
आत्ता पाहिला. ‘सी’च आहे. ‘जी’ असू शकेल का म्हणून उजेड वाढवूनही बघितलं. आणि जी असेल तर अजूनच वाईट, जुलै होईल.

कॅटलॉगमधला गाडीचा क्रमांक १०४ हजारांतला आहे. १९६३ च्या गाड्या १००००१ पासून सुरू होतात आणि सप्टेंबर १९६२ पासून बनायला लागल्या. १०४ हजारांतली गाडी म्हणजे डिसेंबर ६२ च्या आसपासची. मार्च ६३ ला ओतलेलं इंजिन डिसेंबर ६२ च्या गाडीत कारखान्यात बसूच शकत नाही. आधी ब्लॉक ओततात, मग इंजिन जुळतं, मग ते गाडीत जातं. हा क्रम उलटा कसा होणार?

आता पुढच्या पट्टीवर काय ठसा आहे ते बघा. फोटो क्रमांक ३१. ‘आरडी’ आहे, गाडीचा क्रमांकही जुळतोय, आणि पट्टी आरशासारखी गुळगुळीत. एक रेघ नाही.

राणी_सरकार
अगंबाई.

चिंचपोकळी_एक्सप्रेस
निरीक्षक, तुम्ही इतकी वर्षं नुसतं वाचत होतात?

मधली_आळी
हे घ्या. आता मी उलट्या बाजूनं बोलतो. समजा इंजिन दुसऱ्या ६३ च्या कॉर्व्हेटचं आहे. त्याच मापाचं, त्याच कारखान्याचं, अवघं तीन महिने धाकटं. गाडी तीच, काच तीच, आवाज तोच. पट्टीवरच्या सहा आकड्यांसाठी हजारो डॉलरचा फरक, हे वेड नाही तर काय? मूळ इंजिन कोणीतरी १९७० मध्ये शर्यतीत फोडलं असेल. या गाड्या त्यासाठीच होत्या ना?

हिशेबनीस
इंजिन बदललं याला कोणाचीच हरकत नाही. ते सांगून विकलं असतं तर तो सौदा सरळ होता, भाव उतरला असता आणि चालवणारा माणूस खूश झाला असता. इथे आकडे ठोकून ‘मॅचिंग’ म्हणून विकतायत. ज्या आकड्याचे पैसे मागताय तो आकडा खरा पाहिजे.

आणि सहा आकड्यांना किंमत का, याचं टोकाचं उदाहरण १९६७ ची एल-८८. कंपनीनं शक्ती मुद्दाम कमी लिहिली, ४३० अश्वशक्ती, म्हणजे बघ्यांनी शेजारचं ४३५ वालं घ्यावं आणि हिच्या वाट्याला जाऊ नये. रेडिओ नाही, हीटर नाही. वीसच बनल्या. त्यातली एक लाल कूप जानेवारी २०१४ मध्ये स्कॉट्सडेलला बॅरेट-जॅक्सनच्या लिलावात ३८.५ लाख डॉलरला गेली. तिच्यात आणि साध्या ६७ च्या कूपमध्ये लांबून बघणाऱ्याला फारसा फरक दिसत नाही. इंजिन कुठलं आणि कागद काय सांगतात, हाच फरक. तिथे एक ठसा खोटा निघाला तर किती शून्यं उडतील बघा.

तिरकस_चाल
दोघांशीही सहमत, हे या संस्थळावर पहिल्यांदाच घडत असावं.

गॅरेजराव
मधल्या आळीकर, तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं. माझी स्वतःची ६६ दुसऱ्याच इंजिनावर पळते आणि मी तिला धाक न बाळगता पावसातही काढतो. पण ठोकलेला नंबर दिसला की मला पुढचा प्रश्न पडतो: यांनी न दिसणाऱ्या जागी काय केलं असेल? पट्टी फोटोत सापडली. पिंजरा फोटोत सापडत नाही.

धूमकेतू
आज लिलाववाल्यांना फोन केला. बाई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, वर्णन विक्रेत्यानं दिलेलं आहे, आम्ही ते पडताळत नाही, गाडी ‘आहे तशी’ विकतो. मी दोन्ही फोटो आणि तारखांचा हिशेब मेल केला. संध्याकाळी बघतो तर कॅटलॉगमधून ‘नंबर मॅचिंग’ गायब, त्या जागी ‘३२७ इंजिन’. अंदाजित किंमत तीच! आणि फोटो क्रमांक ३१ पण गायब.

राणी_सरकार
शब्द काढला, किंमत नाही काढली. हुशार आहेत.

चिंचपोकळी_एक्सप्रेस
अल्बम तुम्ही आधीच इथे टाकला म्हणून बरं. फाउल मागे घेतोय.

धूमकेतू
शुक्रवार आणि शनिवारचा वृत्तांत एकत्रच लिहितो.

शुक्रवारी प्रदर्शनात गेलो. पहिल्यांदा सांगतो, फोटोत ही गाडी कळत नाही. बुटकी आहे, माझ्या कमरेच्या जरा वर संपते. मागून पाहिलं की तो कणा छतावरून खाली उतरत शेपटीपर्यंत जातो आणि दोन्ही बाजूंची काच डोळ्यांसारखी दिसते. मी आत बसलो, आरशात पाहिलं, आणि आरशात बरोबर मधोमध तो कणा. डंटोव्हची कटकट पटली. तरी उठावंसं वाटेना.

मग डॅशखाली पाठीवर झोपलो. त्यांचा माणूस शेजारी उभा राहून घड्याळ बघत होता. डावीकडचा कोपरा ठीक. उजवीकडे बोटाला तांबडी भुकटी लागली, आणि टॉर्च मारल्यावर वर काळं रबरासारखं काहीतरी फासलेलं दिसलं, नवीकोरं. दार उचलून बघितलं, थोडं हललं. बिजागरी की खांब ते मला सांगता आलं नाही. फोटो गॅरेजरावांना पाठवले.

शनिवारी बोलीचं कार्ड घेऊन बसलो होतो. खिशात नवा आकडा: ९५,०००. लिलावकर्त्याचं तोंड असं चालतं की पहिली दहा मिनिटं मला एक शब्द कळला नाही, नुसते आकडे वाहत होते. गाडी मंचावर आली, दिवे उघडझाप करून दाखवले (ते बॉडीतून गोल फिरून बाहेर येतात, पोरांनी टाळ्या वाजवल्या). बोली ६० पासून सुरू झाली. ८५ पर्यंत मी होतो. ९० ला एक टोपीवाले गृहस्थ आणि टेलिफोनवरचं कोणीतरी. ९५ मी म्हणालो. पुढे १०० झालं, ११० झालं, ११२ ला अडकलं. मी कार्ड मांडीखाली घालून बसलो होतो. राखीव किंमत आली नाही, गाडी मंचावरून उतरली.

हिशेबनीस
११२ टोपीवाल्यानं म्हटलं की कोपऱ्यानं?

धूमकेतू
तेच मलाही बघायचं होतं. टोपीवाले १०० नंतर पाणी प्यायला गेले होते. तुम्हीच ठरवा.

गॅरेजराव
फोटो बघितले. ते काळं म्हणजे अंडरकोटिंग, गाडीच्या खालच्या बाजूला गंज लागू नये म्हणून फासतात ते, आणि त्या जागी ते कारखान्यातून कधीच नसतं. कोणीतरी अलीकडेच झाकलंय. खांबाचा फोटो पुसट आहे, पण ९५ सुद्धा जास्त झाले असते असं माझं मत.

केंटकीकर
लिलाव संपल्यावर फोन येईल बघा. न विकल्या गेलेल्या गाड्यांवर ते दोन दिवस सौदे जुळवत बसतात. परत न्यायचा खर्च विक्रेत्याच्या डोक्यावर असतो.

धूमकेतू
केंटकीकर, तोंडात साखर. काल दुपारी आला. ‘विक्रेता १,०५,००० ला तयार आहे.’ म्हटलं, आमच्या शहरातल्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून पिंजरा उघडून दाखवा, तोही मीच पैसे देऊन बघतो, मग बोलू. म्हणाले, विचारून सांगतो. आज सकाळी उत्तर: तपासणीला विक्रेता तयार नाही, पण ९८,००० ला देईल. म्हणजे टॉर्च आत न घालण्याचे ७,००० डॉलर. नको म्हणून कळवलं.

बायको विचारत होती, काय झालं. तिनंच विचारलं, नोंद घ्यावी.

काटेकोर_काका
छान केलंत. तरी चुंबक न्यायला हवं होतं, पिंजरा लोखंडी आहे ना?

गॅरेजराव
काका, मानलं. पिंजऱ्यावर पुट्टी भरली असेल तर तिथे चुंबक चालेल. दंडवत परत.

मधली_आळी
मग आता? पैसे बँकेत कुजवणार?

धूमकेतू
लॅन्सिंगजवळ एका निवृत्त शिक्षकाकडे १९६४ ची कूप आहे. सलग काच, इंजिन तेच ३२७, पट्टीवर रेघा आहेत (फोटो गॅरेजरावांनी पास केलाय), आणि त्याच्याकडे १९७१ पासूनच्या पावत्या आहेत. मागतोय बरेच कमी. कणा नाही, तेवढं सोडलं तर सगळं आहे. मेकॅनिकला घेऊन ये म्हणून त्यानं स्वतःहून सांगितलं. रविवारी जातोय.

तिरकस_चाल
म्हणजे शेवटी डंटोव्हच जिंकला.

गॅरेजराव
पावत्यांमध्ये विंडशील्ड कधी बदलली ते आधी शोधा. बदलताना ज्यानं जुनं रबर काढलं त्याला पिंजरा दिसला असणारच, पावतीवर काहीतरी लिहिलेलं असतं. पेट्रोलचे होजपाइप मूळचे असतील तर आजच्या इथेनॉलनं ते मऊ पडतात, गाडी सुरू करायच्या आधी बघा. आणि विमा ठरलेल्या किमतीचा घ्या, बाजारभावाचा नको. मेकॅनिक लिफ्टवर घेईल तेव्हा व्हिडिओ कॉल लावा, मी दुकानातच असेन.

राणी_सरकार
नवा धागा काढा, आणि या वेळी फोटो आधी टाका.